मध बसला म्हणून बरणी परत करणाऱ्यांना

कच्चा मध आवर्जून मागणाऱ्या सर्व ग्राहकांना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एक बरणी परत आली. सोबत चिठ्ठी होती : "खाली साखर बसली आहे. मागच्या वेळी असं नव्हतं. रंगही वेगळा आहे. पैसे नकोत, पण असं करू नका." त्यातलं 'पैसे नकोत' जास्त लागलं. पैसे मागितले असते तर देऊन मोकळी झाले असते. न मागितल्यामुळे आता सविस्तर उत्तर देणं आलं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या ताई काही एकट्या नाहीत. दर हंगामात चार-पाच जण तरी हेच विचारतात. कुणी फोनवर, कुणी हसत हसत, कुणी बरणी उजेडात धरून, भुवया उंचावून. म्हणून एकदाच सगळ्यांना लिहिते. शेत घरचं आहे आणि राबणारी माणसंही घरचीच : सासरे, नवरा, मी, आणि सुट्टी लागली की दोन्ही मुलं. मधाचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे मधात काही चुकलं असेल तर तेही माझंच.

तर, साखर बसली हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त ती आम्ही घातलेली नाही. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. दोन्ही मिळून साधारण ७० टक्के. पाणी जेमतेम १७-१८ टक्के. एवढ्याशा पाण्यात एवढी साखर मावते हेच नवल, आणि ती कायमची मावून राहत नाही. फ्रुक्टोज विरघळलेलं राहतं, ग्लुकोजचा मात्र जीव गुदमरतो. टेकायला काहीतरी मिळालं की ते खडा धरतं : परागकण, मेणाचा चुरा, हवेचा बुडबुडा, काहीही चालतं. कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या, मधात हे सगळं असणारच, कारण आम्ही तो नुसत्या जाळीतून आणि कापडातून गाळतो. हवा १४ अंशांच्या आसपास गार झाली की हे काम सगळ्यात झपाट्याने होतं. ह्यालाच मध बसणं म्हणतात.

कोणता मध कधी बसेल हे फुलावर ठरतं. मोहरीच्या मधात ग्लुकोज फ्रुक्टोजला तोडीस तोड असतं, म्हणून तो काही आठवड्यांतच बसतो आणि पांढुरका, लोण्यासारखा होतो. सूर्यफुलाचाही फार वाट बघत नाही. तुमची मागची बरणी धन्याची होती, म्हणजे बियांसाठी फुलोऱ्यावर सोडलेल्या कोथिंबिरीची. ह्या वेळची मोहरीची. शेत तेच, माश्या पाळायच्या पेट्या त्याच, माश्याही त्याच घराण्यातल्या.

मोहरीचा मध किती हट्टी असतो ते मी पहिल्याच वर्षी बघितलं. फुलोरा संपला होता, पण काढणीच्या धांदलीत मध काढायला दहा-बारा दिवस उशीर झाला. पेटीतल्या चौकटी, ज्यांत माश्या पोळं बांधतात, बाहेर काढल्या तेव्हा दिसायला सुरेख होत्या. दोन्ही बाजूंना मेणाची पांढरी झाकणं, हातात घेतल्यावर विटेसारखं वजन. गरम सुरीने झाकणं उतरवली, चौकटी मधयंत्रात लावल्या आणि फिरवायला लागले. एरवी दोन-चार फेऱ्यांतच भिंतीवर सर पडल्यासारखा आवाज येतो. इथे काहीच नाही. जोर लावला तसं पोळंच तुटून जाळीवर आपटलं. बोटाने एक घर उकरलं तर आत ओला रवा निघाला. मध पोळ्यातच बसला होता! त्या सगळ्या चौकटी मी पुन्हा पेट्यांत ठेवल्या, माश्यांनी हळूहळू संपवल्या. सासरे एवढंच म्हणाले, "ज्यांचा होता त्यांनी खाल्ला."

आता हे इतक्या फुलांचं काय प्रकरण आहे ते सांगते, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच मुख्य पीक असायचं, सूर्यफूल. पिवळंधमक शेत, बघायला येणारेही खूश. पेट्या आणल्या त्या त्याच भरवशावर. फुलोऱ्याचे तीन आठवडे माश्यांनी काम केलं ते बघत राहावं असं. मग फुलं वाळली, माना खाली गेल्या आणि शेत बंद पडलं. महिन्याभराने पेटी उघडली तर चौकटी हलक्या फुल लागल्या. मधाची घरं रिकामी, राणीची अंडी नावाला, आणि दारात मेलेले नर. खायला नसलं की वसाहत आधी नरांना बाहेर काढते. आम्ही घाईने साखरेचं पाणी ठेवलं आणि त्या वर्षी कसंबसं निभावलं. चोहीकडे पिकं उभी होती, पण माशीला त्यातलं काही खाता येत नव्हतं.

जगातलं ह्याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या बदामबागांचं. फेब्रुवारीत तिथे बदाम फुलतो तेव्हा अमेरिकेतल्या पाळीव वसाहतींपैकी अर्ध्याहून अधिक वसाहती ट्रकांवर लादून तिथे नेतात. दोन-तीन आठवडे मेजवानी असते, आणि मग मैलोन्‌मैल नुसती हिरवी झाडं. माश्यांना पुन्हा ट्रकवर चढवून दुसरीकडे न्यावं लागतं. आमच्याकडे ट्रक नाही. माश्या हलवता येत नसतील तर फुलं हलवावी लागणार, एवढा साधा हिशेब होता.

हिशेब साधा, घरात पटवणं अवघड. नवऱ्याचं म्हणणं, एका पिकाची एक पेरणी, एक काढणी, एकच व्यापारी. पाच पिकं घेतली की पाच वेळा यंत्र बोलवा, पाच ठिकाणी पोती ठेवा, आणि थोडक्या मालाला कुणी विचारत नाही ते वेगळंच. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही नाही. शेवटी सासऱ्यांनी तोडगा काढला. सूर्यफूल एकाच रानात लागोपाठ घेतलं की केवडा आणि खोडकूज हे रोग ठाण मांडून बसतात, तीन-चार वर्षं तरी ते रान बदलायलाच हवं. तसंही बदलायचंच आहे, तर ते माशीला सोयीचं बदलू या.

मग एक कागद भिंतीला लागला. त्यावर महिने आडवे, पिकं उभी, आणि फुलोऱ्याचे दिवस पिवळ्या खडूने रंगवलेले. उद्देश एकच, पिवळा रंग कुठे तुटता कामा नये. आधी मोहरी. ती उतरते तोवर धने. धन्याच्या शेपटाला कांद्याचं बियाणं, मग सूर्यफूल, त्याच्या मागे तीळ. मधल्या फटींना भोपळा आणि काकडी. बांधावरचं गवत-झुडूप आम्ही तण म्हणून खरवडून काढायचो, ते फुलं संपेपर्यंत ठेवायला लागलो. शेजारीपाजारी म्हणाले, बांध अस्वच्छ दिसतात. दिसतात खरे.

कांद्याच्या बियाण्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण ते माझं आवडतं रान आहे. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फूल आधी पराग सोडतं आणि त्याचा स्त्रीभाग नंतर तयार होतो, म्हणजे एका फुलाला स्वतःचा पराग स्वतःला वापरता येत नाही. कुणीतरी एका फुलावरून दुसऱ्यावर जायलाच हवं. वारा ते काम नीट करत नाही, माशी करते. मात्र माशीला कांदा फारसा आवडत नाही. जवळ धने फुललेले असतील तर ती खुशाल तिकडे जाते. म्हणून आमच्या कागदावर धने उतरल्यानंतरच कांदा ऐन भरात येईल असं बसवायला दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षी दोन्ही एकदम फुलले. धन्याचा मध भरपूर आला आणि कांद्याचे गोंडे अर्धे पोचट निघाले.

जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी पाऊणहून जास्त प्रकार थोडेफार तरी परागसिंचन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत, असं जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने, आयपीबीईएसने, २०१६ च्या अहवालात म्हटलं आहे. हे वाचण्याआधी मला ते गोंड्यांनी शिकवलं होतं.

मिश्र पिकांचा फायदा माशीलाही होतो, आणि तो नुसत्या मधापुरता नाही. मध ही तिची शक्ती, पराग हे तिचं अन्न. अळ्या वाढतात त्या परागावर, आणि एकाच फुलाच्या परागात सगळं मिळत नाही. सूर्यफुलाचा पराग भरपूर असतो, पण त्यात प्रथिनं कमी. पेटीच्या दारात बसलात तर दिसेल, माश्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन उतरतात. पूर्वी सगळ्या गोळ्या केशरी असायच्या. आता एकाच सकाळी केशरी, पिवळी, पांढरट, क्वचित करडी. धाकटी मुलगी ते वहीत रंगवून ठेवते. तिच्या वहीवरून मला त्या आठवड्यात काय फुललंय ते शेतात न जाता कळतं.

सगळं गोडच चाललंय असं समजू नका. मोहरीवर मावा ही कीड पडली की फवारणीचा मोह होतोच. आम्ही शक्य तितकी टाळतो, टळली नाही तर सूर्य बुडाल्यावर, माश्या घरी आल्यावरच करतो. पण माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. कार्ल फॉन फ्रिश ह्या शास्त्रज्ञांनी माशीचा नाच उलगडला, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे त्या नाचात सांगितलेलं असतं. आमची हद्द कुठे संपते हे मात्र त्यात सांगायची सोय नाही. एका वर्षी शेजारच्या एका रानात भर दुपारी फुलोऱ्यावर फवारा बसला. संध्याकाळी पेट्यांसमोर मेलेल्या आणि जमिनीवर गरगर फिरणाऱ्या माश्यांचा थर होता. मी खराट्याने लोटला तेव्हा त्याचा आवाज वाळलेल्या पानांसारखा आला. त्या शेतकऱ्याला दोष द्यायचा तर त्याला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. आता तो आदल्या दिवशी निरोप देतो आणि आम्ही पहाटे दारं बंद करून पेट्यांवर ओली पोती टाकतो.

हे सगळं बरणीत उतरतं. मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बघून तो कुठल्या फुलांचा आणि कुठल्या भागातला हे जाणकार सांगू शकतात, त्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. एक पीक होतं तेव्हा आमचा मध दर वर्षी सारखा असायचा. शेत बदललं तसा मध बदलला. तुम्ही चिठ्ठीत 'मागच्या वेळी असं नव्हतं' लिहिलंत ते म्हणूनच खरं आहे, आणि म्हणूनच ती तक्रार मला मान्य नाही.

'दर वेळी सारखाच' मध मिळतो, नाही असं नाही. त्याची पद्धत ठरलेली आहे. ठिकठिकाणचा मध एकत्र ओतायचा, चांगला तापवायचा म्हणजे खडे विरघळतात आणि आंबवणारे यीस्ट मरतात, मग दाबाखाली बारीक गाळायचा. असा मध महिनोन्‌महिने काचेसारखा राहतो. ह्यात बेकायदेशीर काही नाही आणि तो खाऊन कुणाला काही होत नाही. पण त्याला शेत राहत नाही. कोडेक्स, म्हणजे अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना ह्यांची संयुक्त मानकं, मधासाठी म्हणतं : ओलावा २० टक्क्यांच्या वर नको, परकी वस्तू काढताना जाईल तेवढा सोडून पराग काढू नये, आणि मूळ घटक बदलतील इतका मध तापवू नये. तापवण्याचा आणि शिळेपणाचा माग ठेवणारा एचएमएफ नावाचा पदार्थ किलोला ४० मिलिग्रॅमच्या आत हवा, उष्ण कटिबंधातल्या मधासाठी ८० च्या आत. 'कच्चा मध' ही व्याख्या मात्र त्या मानकात नाही. म्हणजे लेबलावर 'कच्चा' लिहिलं की काम झालं, असं समजणारे विक्रेते असणारच. मी सुद्धा उद्या तसं लिहू शकते. म्हणून शब्द विचारू नका. कुठल्या फुलाचा, कधी काढला, किती तापवला, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर अडखळलं तर समजा.

आणि सारखेपणाच्या हट्टातूनच भेसळीला दार उघडतं. चार देशांचा मध मिसळून एक चव करायची सवय लागली की त्यात पाचवं काही मिसळलं तर चवीवरून कोण ओळखणार? युरोपीय आयोगाने २०२३ साली जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी १४७ संशयास्पद निघाले. ऊस किंवा मक्याचं सिरप घातलं तर कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, पकडता येतं, म्हणून भेसळवाले तांदळाच्या आणि बीटच्या सिरपकडे वळले, त्यांचा कार्बन फुलझाडांसारखाच दिसतो. प्रयोगशाळांना एवढी कसरत करावी लागते, आणि आपण पाण्याच्या पेल्यात थेंब टाकून निकाल देतो. थेंब तळाशी गेला, काडी पेटली, कागद भिजला नाही, मुंग्या आल्या नाहीत, ह्यातली एकही परीक्षा खरी नाही. घट्ट सिरपही तळाशी जातं. आमच्या मधाला मुंग्या येतात, मी रोज झाडते.

आता माझी चूक. तुमच्यासारख्या तक्रारींना कंटाळून एका वर्षी मी सगळ्या बसलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. मध झरझर पातळ झाला, सोन्यासारखा दिसला, आणि झाकण उघडलं तर वास गेलेला. धन्याचा मध होता तो. एरवी बरणी उघडली की आधी वास येतो आणि मग मध दिसतो. मी त्या बरण्या तशाच विकल्या, हे आज कबूल करते. त्या वर्षी एकही तक्रार आली नाही. उलट तिघांनी कळवलं, ह्या वेळचा मध सगळ्यात चांगला.

ते ऐकून काय वाटलं हे लिहीत नाही. फक्त त्यानंतर मी बरणी अशी तापवली नाही आणि लेबलावर फुलाचं नाव टाकायला लागले.

घरी मध पातळ करायचा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. पाण्यात हात निवांत ठेवता आला पाहिजे, म्हणजे चाळिशीच्या आतच. पेटीतसुद्धा पिलांच्या जागी ३४-३५ अंश असतात, तेवढी ऊब मधाला नवी नाही. वेळ लागेल, अर्धा दिवसही लागेल. किंवा पातळ करूच नका, पोळीला लावायला बसलेलाच बरा, ओघळत नाही. एल्टन डाइस नावाच्या प्राध्यापकांनी १९३५ साली मध मुद्दाम बारीक खड्यात बसवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 'क्रीम्ड' म्हणून जो मध लोक हौसेने घेतात तो म्हणजे नीट बसवलेला मधच. तुम्ही परत केलेली बरणी तिचीच खेड्यातली बहीण आहे.

एक लक्षण मात्र खरंच बघा. मध खाली घट्ट आणि वर पातळ अशा दोन थरांत फुटला असेल, वर बुडबुडे असतील आणि वास आंबूस येत असेल, तर तो आंबायला लागलाय. ग्लुकोज खडा धरून खाली बसतं तसं वरच्या भागात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि तिथे यीस्टला संधी मिळते. अशी बरणी बेलाशक परत आणा. ती माझी चूक असेल : चौकट पुरती झाकली जायच्या आत मी मध काढला.

आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. कच्चा नाही, तापवलेला नाही, आमचा नाही, कुणाचाच नाही. मधात बॉट्युलिझम ह्या गंभीर आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, साध्या तापवण्याने ते मरत नाहीत आणि इतक्या लहान आतड्यांत ते रुजतात. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगते, तरी इथे लिहिते. बाकी मधाने हे बरं होतं आणि ते बरं होतं, असं मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही माझ्या नावावर सांगू नका.

चिठ्ठीवाल्या ताई, तुमची बरणी काल रात्री कोमट पाण्यात ठेवली होती. सकाळी कडेकडेने सुटली होती, मधोमध लिंबाएवढी गाठ अजून आहे. आज पुन्हा ठेवते, उद्या न्यायला या. पुढच्या खेपेला धने असतील, म्हणजे तांबूस आणि वासाचा, तुम्हाला आवडला होता तसा. त्यानंतर सूर्यफूल, तो पुन्हा बसणार, हे आत्ताच सांगून ठेवते. बरणीचं झाकण आतून गंजलंय. ते बदलून देते.

तुमची,
मधवाली